श्रमदानातून वनसंवर्धन : अलकनंदेच्या खोऱ्यातील शिबिरे

उजाड झालेली जमीन पुन्हा हिरवी करण्याचे काम वरकरणी सोपे वाटते. खड्डे खणावेत, रोपे लावावीत आणि पुढचे निसर्गावर सोपवावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीपोटी आपल्या देशात दर पावसाळ्यात ठिकठिकाणी वृक्षारोपणाचे समारंभ होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतील कित्येक खड्डे रिकामे आढळतात. वस्तुतः रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ते जगविणे हे अनेक वर्षांचे. एक दिवस श्रमदान करावयास माणसे सहज मिळतात. त्यानंतरची वर्षे कोणी द्यावयाची, हा खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर हिमालयाच्या गढवाल भागात, अलकनंदा नदीच्या खोऱ्यात शोधले गेले. वृक्षांना मिठी मारून त्यांची तोड थांबविणारे चिपको आंदोलन याच खोऱ्यातील. त्या आंदोलनाची हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक असते. मात्र आंदोलनानंतर त्याच कार्यकर्त्यांनी आणि त्याच गावांनी उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर वर्षानुवर्षे जी शिबिरे भरविली, त्यांची माहिती तुलनेने थोड्यांनाच असते. स्वेच्छेने दिलेल्या श्रमांतून निसर्गाची झीज कशी भरून काढता येते आणि ती कोठवर भरून निघते, हे समजून घेण्यास ही शिबिरे उपयोगी पडतात.

खोरे आणि त्याची झीज

अलकनंदा बद्रीनाथच्या पलीकडील हिमनद्यांतून निघते आणि देवप्रयाग येथे भागीरथीला मिळते. तेथून पुढे त्या प्रवाहास गंगा हे नाव प्राप्त होते. या नदीचे वरचे खोरे सध्याच्या उत्तराखंड राज्यातील चमोली जिल्ह्यात येते. हा पर्वत भूशास्त्राच्या दृष्टीने तरुण आहे. त्याचे कडे उभे, खडक भेगाळलेले आणि मातीचा थर पातळ. अशा उतारावर मातीला धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने झाडांची मुळे, गवत आणि जमिनीवर साचलेला पालापाचोळा करीत असतात. पावसाचा थेंब पानांवर अडतो, त्याचा जोर मोडतो, पालापाचोळ्यातून तो हळूहळू जमिनीत मुरतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्याच्या रूपाने बाहेर पडत राहतो. हे आच्छादन नाहीसे झाले की तेच पाणी माती घेऊन एकाच दिवसात खाली धावते. पावसाळ्यात दरड कोसळते आणि उन्हाळ्यात झरा आटतो. ही दोन्ही संकटे एकाच कारणाची फळे आहेत.

या भागातील गावांचे जीवन मुख्यतः बांज या वृक्षाभोवती गुंफलेले आहे. बांज हा ओक कुळातील वृक्ष होय. त्याची पाने गुरांना चारा म्हणून लागतात, वाळलेल्या फांद्या सरपण होतात, गळलेल्या पानांचे खत शेतात जाते आणि त्याच्या वनाखालचे झरे बारमाही वाहतात, असा गढवाली शेतकऱ्याचा अनुभव आहे. ब्रिटिश राजवटीत वनखात्याची स्थापना झाल्यावर मात्र जंगलाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. रेल्वेच्या स्लीपरांना आणि राळेच्या धंद्याला उपयोगी पडणारा चीड, म्हणजे हिमालयीन पाइन, हा मोलाचा वृक्ष ठरला. बांजाला बाजारात तेवढी किंमत नव्हती. चिडाच्या सुयांसारख्या पानांचा जाड थर जमिनीवर साचतो, वैशाखात तो सहज पेटतो आणि त्याखाली चाऱ्याजोगे गवत फारसे वाढत नाही. जंगल उभे असूनही गावाच्या दृष्टीने ते ओसाड, अशी विचित्र परिस्थिती अनेक ठिकाणी निर्माण झाली.

खोऱ्यातील उतार किती अस्थिर आहेत याची जाणीव फार पूर्वीच झालेली होती. १८९३ साली बिरही गंगा या उपनदीत प्रचंड दरड कोसळून गोहना येथे नैसर्गिक बांध तयार झाला आणि त्यामागे मोठे सरोवर साचले. अभियंत्यांनी त्यावर सतत लक्ष ठेवले आणि खालच्या गावांना इशारा देण्यासाठी तारायंत्राची सोय केली. १८९४ च्या ऑगस्टमध्ये बांध फुटला तेव्हा गढवालमधील श्रीनगर शहर वाहून गेले. पण लोकांना आधीच हलविले असल्यामुळे प्राणहानी जवळजवळ झाली नाही. या सरोवराचा उरलेला भाग जुलै १९७० च्या महापुरात फुटला. त्या वेळी मात्र असा इशारा कोणाला मिळाला नाही. अलकनंदेच्या काठावरील पूल, रस्ते, शेते आणि बेलाकुचीसारखी वस्ती पाण्याने नेली. थेट हरिद्वारपर्यंत वाहत आलेल्या गाळाने गंगेच्या वरच्या कालव्याचे मुख भरून गेले.

आंदोलनातून विधायक कार्याकडे

या पुराच्या काळात मदतकार्यासाठी धावून गेलेल्या संस्थांत गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य संघ ही एक होती. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे सर्वोदय चळवळीची प्रेरणा होती. तिचे प्रमुख कार्यकर्ते चंडीप्रसाद भट्ट हे पूर्वी एका मोटार वाहतूक कंपनीच्या तिकीट कार्यालयात नोकरी करीत होते. पहाडातील तरुणांना गावातच रोजगार मिळावा या हेतूने संस्थेने मजुरांच्या सहकारी संस्था आणि वनोपजांवर आधारित लहान उद्योग चालविले होते. पूरग्रस्त भागात हिंडताना कार्यकर्त्यांना दिसून आले की, ज्या उतारांवरील झाडे तोडली गेली होती आणि ज्यांवर रस्त्यांसाठी सुरुंग लावले गेले होते, त्यांच्या पायथ्याशी हानी अधिक झाली आहे.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. १९७३ मध्ये मंडल गावाजवळील अंगूची झाडे क्रीडासाहित्य बनविणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली. नांगर-जुवासाठी हेच हलके व चिवट लाकूड गावकऱ्यांनी मागितले असता त्यांना मात्र ते नाकारण्यात आले होते. लोकांच्या विरोधामुळे कंपनीला परत जावे लागले. २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावातील पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीस गेले असताना महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी यांनी २७ स्त्रियांना बरोबर घेऊन मजुरांचा रस्ता अडविला आणि जंगल वाचविले. त्यानंतर सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून अलकनंदेच्या वरच्या पाणलोटातील सुमारे १२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षांसाठी वृक्षतोड बंद करण्यात आली.

तोड थांबली, पण जे उतार आधीच उघडे झाले होते त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहिला. उभे झाड वाचविण्यासाठी एक दिवसाचे धैर्य पुरते. नसलेले झाड उभे करण्यासाठी त्याहून वेगळ्या गुणांची गरज असते. ही गरज ओळखून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून संस्थेने गावोगावी पर्यावरण संवर्धनाची शिबिरे घेण्यास आरंभ केला.

शिबिराची कार्यपद्धती

अशा शिबिरासाठी गावकरी, विशेषतः गावातील स्त्रिया, महाविद्यालयीन विद्यार्थी, सर्वोदय कार्यकर्ते, शास्त्रज्ञ आणि वनखात्याचे अधिकारी एकत्र जमत. एरवी ज्यांची गाठ तक्रारीच्या किंवा दंडाच्या निमित्तानेच पडे, ती माणसे येथे एकाच उतारावर कुदळ घेऊन काम करीत. दिवसाचा मोठा भाग श्रमांत जाई. उरलेल्या वेळात सभा होत. गावाचे झरे कोठे आटले, गुरे कोठे चरतात, कोणती झाडे लावावीत, लाकूड किती लागते, अशा विषयांवर या सभांत चर्चा चाले.

या श्रमांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. रोपे लावण्याआधी दगडांचा कोरडा गडगा बांधला जाई. पहाडातील गुरे मोकळी चरतात. त्यामुळे कुंपण नसलेल्या उतारावर लावलेले रोप एका हंगामातच नाहीसे होते. गडगा घालण्यास पैसा फार लागत नाही, कारण दगड तेथेच असतात. पण श्रम अतोनात लागतात, आणि ते अनेकांनी मिळूनच करावे लागतात. गुरे बाहेर राहिली की पहिल्याच पावसाळ्यात आत गवत वाढते. हे गवत स्त्रिया ठरलेल्या नियमाने कापून नेत. म्हणजे झाड मोठे होण्यास दहा-पंधरा वर्षे लागणार असली, तरी गावाला पहिल्या वर्षापासूनच काही लाभ मिळू लागे. चराईबंदी कायद्याने लादली तर ती मोडण्याकडे कल होतो; स्वतःच्या चाऱ्यासाठी स्वतःच घातलेली बंदी पाळली जाते. या योजनेच्या यशाचे मर्म बहुतांशी येथेच आहे.

त्यानंतर खड्डे, मग लागवड. कोसळलेल्या दरडीच्या कच्च्या मातीवर उतीस हा वृक्ष चांगला रुजतो. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे नापीक मातीही हळूहळू कसदार होते. शेताच्या बांधांवर भीमल लावता येतो. त्याची पाने चाऱ्यास आणि सालीचा वाख दोऱ्यांस उपयोगी पडतो. अक्रोड फळे देतो. बांजाची लागवड मात्र चिकाटीची परीक्षा पाहणारी असते. त्याचे फळ झाडाखाली पडताच वानर व पक्षी ते पळवितात. उरलेले वेचून लवकर पेरले नाही तर त्याची रुजण्याची शक्ती जाते, आणि रोप उगवल्यावरही ते पहिली काही वर्षे अगदी सावकाश वाढते. म्हणून रोपवाटिका दूर शहरात नसून गावातच असावी, हे कार्यकर्त्यांच्या लवकरच लक्षात आले. गावात वाढलेले रोप त्या हवेला सरावलेले असते, वाहतुकीत मरत नाही. शिवाय ज्या हाताने ते वाढविले त्या हाताला त्याची काळजीही असते.

या शिबिरांत लावलेली रोपे जगण्याचे प्रमाण सरकारी लागवडीतील प्रमाणापेक्षा पुष्कळच अधिक आहे, ही गोष्ट १९८० च्या दशकात अनेक अभ्यासकांनी नमूद केली. दोहोंकडे माती तीच, पाऊस तोच. भेद होता तो लागवडीनंतर रोपांकडे कोण लक्ष देतो, यात.

स्त्रियांचा वाटा

वाचकाच्या मनात साहजिकच असा प्रश्न उद्भवेल की, या कामात स्त्रियांचा सहभाग पुरुषांपेक्षा अधिक का राहिला? याचे कारण गावातील श्रमविभागणीत आहे. पहाडातील पुष्कळ पुरुष नोकरीसाठी मैदानी प्रदेशात किंवा सैन्यात जातात. चारा, सरपण आणि पाणी आणण्याचे काम स्त्रियांकडे असते. जंगल एक मैल दूर गेले की स्त्रीची रोजची पायपीट दोन मैलांनी वाढते. उताराच्या झिजेचा हिशेब ती पाठीवरच्या भाऱ्याने करीत असते. म्हणूनच झाडांच्या निवडीतही मतभेद होत. पुरुषांचा कल बाजारात पैसा देणाऱ्या झाडांकडे असे, तर स्त्रिया चारा आणि सरपण देणारी झाडे मागत.

हा मतभेद किती गंभीर रूप धारण करू शकतो हे १९८० साली डुंगरी-पैंतोली येथे दिसून आले. गावाजवळचे बांजाचे वन बटाट्याच्या बियाण्याच्या सरकारी प्रक्षेत्रासाठी द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयी मिळाव्यात, असा प्रस्ताव होता. गावातील पुरुष पुढाऱ्यांनी त्यास संमती दिली. स्त्रियांनी नकार दिला. वन गेले तर चाऱ्यासाठी कोसभर अधिक चालावे लागेल ते त्यांना, आणि निर्णय मात्र त्यांना न विचारता झालेला. त्यांनी झाडांचे रक्षण केले आणि तोड थांबली. गावातील स्त्रीला आणि पुरुषाला एकाच जंगलापासून मिळणारे लाभ निरनिराळे असतात. तेव्हा ‘गावाची संमती’ घेताना ती नेमकी कोणाची घेतली, हे पाहावे लागते. पुढे गावोगावच्या महिला मंगल दलांनी लागवडीची राखण आपल्याकडे घेतली आणि हे काम टिकून राहण्यास त्याची फार मोठी मदत झाली.

बाहेरून येणारा स्वयंसेवक

मग शहरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या किंवा शास्त्रज्ञाच्या श्रमाला काही मोल नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गडगा बांधण्यास पन्नास हात अधिक मिळाले तर महिन्याचे काम आठवड्यात होते. वनस्पतिशास्त्राचा जाणकार मातीचा आणि जातींचा विचार अधिक नेमकेपणाने मांडू शकतो. वनाधिकारी शिबिरात आठ दिवस राहिला तर गावाची अडचण त्याला कागदावरून कळली असती त्याहून चांगली कळते. आणि विद्यार्थी येथून जे शिकून जातो ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. परंतु आपण आठ दिवसांनी परत जाणार आहोत आणि उतार तेथेच राहणार आहे, याचे भान बाहेरच्या माणसाने ठेवावयास हवे. त्याने कोणते झाड लावावयाचे हे ठरवू नये; का लावावयाचे हे विचारावे.

ज्या जमिनीवर अवलंबून असलेले गाव जवळ नाही, तेथे हे तत्त्व कसे लागू पडते हेही पाहता येईल. दिल्लीच्या सीमेवरील गुरुग्राम येथे अरवलीच्या टेकड्यांत जुन्या खाणींची सुमारे दीडशे हेक्टर जमीन ओसाड पडली होती. तिच्यावर मध्य अमेरिकेतून आलेली विलायती कीकर, म्हणजे वेडी बाभूळ, माजली होती. २०१० पासून तेथील नागरिकांनी नगरपालिकेच्या सहकार्याने हे वन पुन्हा उभे करण्यास आरंभ केला. शाळकरी मुले, कंपन्यांतील कर्मचारी आणि रहिवासी लागवडीस येऊ लागले. मात्र त्याआधी अरवलीचे मूळ वन कसे होते याचा शोध घेण्यात आला. धावडा, सालई, कुलू अशा जातींची रोपे बाजारात मिळत नसल्यामुळे अरवलीत हिंडून बी गोळा केले गेले आणि स्वतंत्र रोपवाटिका उभारण्यात आली. पुढे या वनातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा झाडे लावणाऱ्या नागरिकांनीच त्यास विरोध केला. २०२२ मध्ये, संरक्षित क्षेत्राबाहेर असूनही जैवविविधता जपणारे भारतातील पहिले क्षेत्र म्हणून त्यास मान्यता मिळाली. येथे चाऱ्याची गरज नव्हती. परंतु वर्षानुवर्षे लक्ष ठेवणारी आणि वेळ येताच उभी राहणारी माणसे येथेही लागलीच.

मर्यादांचे भान

या प्रयत्नांचे कौतुक करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. झाडांमुळे उतारावरील मातीची धूप कमी होते, उथळ दरडींना आवर बसतो आणि झऱ्यांना पाणी राहते. परंतु हिमालयातील अतिविशाल पूर आणि खोलवरच्या दरडी केवळ वृक्षतोडीमुळे येतात असे आज शास्त्रज्ञ मानीत नाहीत. अतिवृष्टी, भूकंप आणि खडकांची रचना हीही त्यांची कारणे आहेत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रैणी गावाच्या वरच्या बाजूस, वृक्षरेषेच्या कितीतरी वर, खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ऋषीगंगेला आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. नदीपात्रातील जलविद्युत प्रकल्पांवर काम करणारे मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते. ज्या गावाने जंगल वाचविले त्याच गावाच्या वाट्यास ही आपत्ती आली. कोणत्याही वनाला हा लोंढा थोपविता आला नसता. मात्र अशा खोऱ्यात काय बांधावे आणि काय बांधू नये, हा विचार माणसाच्या हातचा होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ शहरातील घरांना तडे गेले, तेव्हा हाच विचार पुन्हा ऐरणीवर आला. श्रमदान हे अशा धोरणांना पर्याय होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा जमिनीच्या प्रकाराविषयी आहे. प्रत्येक वृक्षहीन जमीन उजाड असते असे नाही. याच गढवालमध्ये वृक्षरेषेच्या वर बुग्याल नावाची विस्तीर्ण कुरणे आहेत. तेथे झाडे नसणे हीच त्यांची नैसर्गिक अवस्था होय. तेथील नाजूक गवतावर तंबू ठोकल्याने आणि माणसांच्या वर्दळीने जखमा होतात. म्हणून २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. अशा ठिकाणी उत्साहाने रोपे लावू पाहणारा स्वयंसेवक उपकार करण्याऐवजी अपकारच करील. काही जमिनींची सेवा कुदळीने होते, काहींची केवळ दूर राहिल्याने.

समारोप

चंडीप्रसाद भट्ट यांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्यामुळे या कार्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तथापि त्याचे खरे मोल कोसळलेल्या उतारांवर पुन्हा उभ्या राहिलेल्या झाडांवरून आणि त्यांच्याखालच्या गवतावरून ठरवावे लागेल. या प्रदेशातील लोकांजवळ पैसा नव्हता, यंत्रे नव्हती, कायद्याने जंगलावर मालकीही नव्हती. होते ते हात, दगड आणि गरज. या तिहींची सांगड घालून देणे एवढेच शिबिरांनी केले.

निसर्गाच्या सेवेसाठी आपले श्रम देऊ इच्छिणाऱ्यांनी कामास आरंभ करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. येथे पूर्वी काय उगवत होते? ते कशामुळे गेले, आणि ते कारण अजून चालू आहे काय? या जमिनीवर कोणाचे पोट आहे, आणि त्यांत स्त्रियांचे म्हणणे काय आहे? आणि मी परतल्यावर येथे कोण येणार? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसेल, तर रोप लावण्याची घाई करू नये. त्या वर्षी गडगा बांधावा, बी वेचावे, गावाशी बोलावे. रोपासाठी पुढचा पावसाळा आहेच.